खोडलेल्या घरांची वही

रविवारी सकाळी आयर्लंडच्या मेनूथमधली आम्ही काही मराठी मंडळी गावाबाहेरच्या एका क्रीडा सभागृहात बॅडमिंटन खेळायला जमतो. परवा माझ्या हातून शटल भलतीकडे उडालं आणि मागच्या जाड पडद्याआड गेलं. आणायला गेले तर तिथे भिंतीला टेकवून ठेवलेले स्टीलचे कठडे दिसले. कमरेइतके उंच, एकात एक अडकवलेले, वर धुळीचा पातळ थर. मी नकळत हात ठेवला. गार लागले. तिथे कुणी पेन्सिलीला टोक काढत नव्हतं, तरी मला नुकत्याच टोक काढलेल्या पेन्सिलींचा वास आला.

बाहेरून कुणीतरी विचारलं, सापडलं का. मी हो म्हणाले, पण जागची हलले नाही.

माझी आई महिन्याभरासाठी इथे आली आहे. ती बाकावर शाल गुंडाळून आमचा खेळ बघत बसली होती. मला वेळ लागला म्हणून तीही पडद्याआड आली. मी म्हणाले, फोनवर तुला मतमोजणीचं सांगितलं होतं ना, ते इथेच. आईने एक कठडा धरून गदागदा हलवून पाहिला. गिरणीत नवीन आलेली कुठलीही लोखंडी वस्तू ती आधी अशीच हलवून बघते.

"मजबूत हाय," ती म्हणाली, आणि शटल घेऊन परत गेली.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. आठवणी लिहून ठेवायची आमच्याकडे सवय नाही. आमच्या आठवणी डब्यांच्या. हिंगोलीजवळच्या आमच्या गावात आईची पिठाची गिरणी आहे. कुणाच्या डब्याला पोचा आहे, कुणाच्या झाकणावर नेलपॉलिशने नाव आहे, कुणाला पीठ जाड लागतं, हे सगळं आईला तोंडपाठ. पट्ट्याचा सटक-सटक आवाज, जात्यातून निघणाऱ्या गरम पिठाचा वास, आणि माझ्या प्रत्येक वहीच्या पानांवर पांढरी पूड. त्यातून उठून मी डेटा सायन्स शिकायला आयर्लंडला आले. पहिले काही आठवडे बॅगेतून वही काढली की बोटांना पीठ लागायचं. मग एके दिवशी ते लागायचं थांबलं. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं.

त्या पहिल्या हिवाळ्यात मला खोली मिळत नव्हती. एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचे आणि सकाळी ती गादी कपाटामागे लपवायचे. तिथेच मला शैलजाताई पहिल्यांदा भेटल्या. गावात घरोघर फुकट वाटलं जाणारं एक साप्ताहिक होतं, त्याच्या त्या वार्ताहर. विद्यार्थ्यांच्या राहण्याबद्दल लिहीत होत्या. चाळिशी ओलांडलेली, मूळची परभणीची बाई, भिजलेला हिरवा रेनकोट, रबरबँड लावलेली छोटी वही, आणि कानामागे पेन्सिल. पेन का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, या देशात पावसात पेन लिहीत नाही, पेन्सिल लिहिते.

मी अर्धा तास बोलले. मग त्यांनी वही थोडी लांब धरून मला माझंच बोलणं वाचून दाखवलं.

मला आजही तो क्षण जसाच्या तसा आठवतो. हीटरवर वाळत घातलेल्या मोज्यांचा वास, खिडकीच्या काचेवरचं पाणी, आणि माझी वाक्यं दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. माझं बोलणं मला कुणी परत वाचून दाखवावं, असं आधी कधी झालं नव्हतं. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या.

"'राहायचा तसा काही त्रास नाही', असं म्हणालीस. बरोबर लिहिलंय ना मी?"

मी मान हलवली.

"खरंच नाही?"

मग मी खरं ते सांगितलं. गादीचं, कपाटाचं, आणि घरी सगळं छान आहे असं कळवते, त्याचंही. ताईंनी आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली. खोडायचं नसतं, म्हणाल्या, माणूस आधी काय म्हणाला आणि मग काय म्हणाला, दोन्ही खरं असतं.

ती बातमी छापून आली आणि चौथ्या दिवशी ब्रीडाचा निरोप आला. ब्रीडा म्हणजे कालव्याजवळच्या घरात एकटी राहणारी सत्तरीची निवृत्त टपाल कर्मचारी. मागची खोली रिकामी आहे, ये, म्हणाली. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नव्हती. मनात मी ब्रीडा आजी म्हणायचे आणि तोंडाने नुसतं "ते, ऐकता का" असं इंग्रजीत काहीतरी. तिच्या घराचा वास मी कुठेही ओळखीन: कोळशाची शेगडी, भाजलेला पाव, लव्हेंडरचा साबण. स्वयंपाकघरातल्या कपाटाला ती प्रेस म्हणायची, आणि त्या प्रेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम तिने मला पहिल्या दिवशी सांगितला होता.

ताईंकडे मी शनिवारी जायचे. त्यांचे यजमान कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनिअर, बारा वर्षांच्या मुलीला मराठी समजायचं पण उत्तर ती इथल्या हेलातल्या इंग्रजीत द्यायची. ताई पोळ्या लाटता लाटता आपल्या जुन्या गोष्टी सांगत. परभणीकडे त्या तालुका वार्ताहर होत्या. बसस्टँडवरच्या बायकांच्या शौचालयाला कुलूप असायचं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नसायचं. ताईंनी दर आठवड्याला एकच ओळ पाठवायची ठरवली: कुलूप अजून आहे. संपादक वैतागायचे, पण रिकाम्या जागेत ती ओळ छापायचे. नवव्या आठवड्यात कुलूप निघालं. हे सांगताना लाटणं हवेत धरून त्या अशा हसायच्या की मुलगी वरच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारायची.

इथेही त्या तेच करत आल्या. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभेत वार्ताहरांच्या बाकावर बसायचं, बांधकाम परवान्यांच्या नोटिसा साध्या भाषेत लिहायच्या, शाळकरी मुलींच्या सामन्यांचे निकाल, कोण वारलं, कुठला रस्ता खचला. मग ते साप्ताहिक बंद पडलं. शेवटचा अंक ब्रीडाने शेगडी पेटवायला न वापरता घडी घालून ठेवला होता. पुढच्या सभेला ताई सवयीने गेल्या. वार्ताहरांच्या बाकावर त्या दिवशी बसणारं कुणी उरलं नव्हतं. ताई मागे, सामान्य लोकांच्या खुर्च्यांत बसल्या, आणि घरी येऊन वहीत एक ओळ लिहिली: बाक रिकामा आहे. ती ओळ छापायला जागा नव्हती. वसंतात त्या काउन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या.

धोरण काय, असं कुणी विचारलं की ताई जुन्या वह्यांचा गठ्ठा दाखवत. कालव्याकाठच्या पायवाटेवर दिवे. कारखान्याची पाळी सुटल्यावर मिळेल अशी संध्याकाळची बस. विद्यार्थ्यांसाठी खोल्या. वाचनालय रविवारी उघडं. मोठं असं त्यात काही नव्हतं. पण दिव्याशिवायच्या त्या पायवाटेवरून मी रोज कॉलेजहून यायचे, हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडायचा, आणि मी किल्ल्या मुठीत घट्ट धरून चालायचे. ताई निवडून आल्या तर दिवे लागतील, हे मला धोरण वाटत नव्हतं. मला ते माझ्या पायांखालचं वाटत होतं.

इथे परदेशी माणसालाही काउन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. मीही नाव नोंदवलं. आणि ताईंनी मला एक कोरी वही दिली. कालव्यापलीकडच्या चार गल्ल्या माझ्या. प्रत्येक दार वाजवायचं, मत मागायचं, आणि माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

तो वसंत. मी डोळे मिटले की अजून त्या गल्ल्यांतून चालते. नुकतं कापलेलं गवत, चेरीच्या झाडांखाली पाकळ्यांचा गुलाबी चिखल, कुंपणावर हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांचा जरासा कुबट वास. प्रत्येक दारामागून येणारा वेगळा वास: व्हिनेगर घातलेले बटाटे, ओला कुत्रा, कपड्यांचं सुगंधी पाणी, कुणाकडे आजारपणाचा. घंटांचे आवाजही वेगळे. काही नुसत्या गुणगुणायच्या, एक तर नाताळचं गाणं वाजवायची, एप्रिलमध्ये. विजेच्या खांबांवर ताईंचा फोटो होता, वाऱ्याने फडफडणारा. ताईंचे यजमान शिडीवर चढून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो घट्ट बांधायचे आणि खालून मुलगी इंग्रजीत ओरडायची, बाबा, मम्मी वाकडी झालीय.

दार वाजवायच्या आधी मी दहा आकडे मोजायचे. कुणी उघडू नये, असंही वाटायचं. पण उघडायचे. गोड बोलायचे. तुला शुभेच्छा, म्हणायचे, आणि मी उड्या मारत परत यायचे. शुभेच्छा दिल्या म्हणजे मत गेलं, हे मला ब्रीडाने नंतर सांगितलं. काही जण सरळ सांगायचे की आमचं मत दुसऱ्याला आहे. कुणाच्या शेजाऱ्याचा मुलगा उभा होता, कुणाचं घराणंच एका पक्षाचं. मी आभार मानायचे, ते जे काही बोलले ते वहीत लिहायचे, कारण ताईंनी सांगितलं होतं, आणि मग पट्टी ठेवून त्या घरावर सरळ रेघ मारायचे. वर्गात शिकवलं होतं की जी माहिती उपयोगाची नाही, ती ओळ यादीतून काढून टाकावी. माझी वही फार स्वच्छ होती. मला तिचा अभिमान होता.

खरं तर इथल्या मतदानाची रीत आम्हाला सांगितलेली होती. शिक्का मारायचा नाही. उमेदवारांच्या नावांपुढे आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. तुमचा पहिल्या नंबरचा उमेदवार बाद झाला, तर तुमचं मत वाया जात नाही. उठून दुसऱ्या नंबरच्या नावाकडे जातं. आमच्या भागात जागा पाच, आणि मोजणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या. पाडव्याच्या जेवणात ताईंनी हे समजावलं, तेव्हा एक काका श्रीखंडाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "मत एकाला दिलं की दिलं. दुसरा नंबर कसला? मी काय दोन लग्नं केलीत?" सगळे हसले, काकू सोडून. मीही हसले. पण काकांचंच आमच्या सगळ्यांच्या मनात होतं. मत म्हणजे हो किंवा नाही. जो नाही म्हणाला, त्याच्या दारात पुन्हा काय जायचं.

मतदानाला दहा दिवस होते. दुपारी मी ब्रीडाच्या टेबलावर वही ठेवून चहा करत होते. मागे पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"मला खोडलंयस," ब्रीडा म्हणाली. "मी मेलेली नाही अजून."

मी वळून पाहिलं. तिच्या बोटाखाली तिच्याच घराचा क्रमांक होता आणि त्यावर माझी सरळ रेघ. मी चाचरत म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं, तुमचं मत वडिलांच्या पक्षाला.

"पहिलं," ती म्हणाली. "पहिलं माझ्या वडिलांचं आहे. ते मी मरेपर्यंत देणार. दुसरं तू मागितलंस का?"

ब्रीडा पानं उलटत राहिली. एकामागून एक रेघा. जवळजवळ अर्धी वही. तिने चष्मा काढला, उठली, स्टुलावर चढली आणि प्रेसच्या वरच्या फळीवरून तो बिस्किटांचा डबा काढला. त्यात पेन्सिली होत्या. कितीतरी, आणि सगळ्यांना टोक काढलेलं. तेव्हा मला कळलं की ही बाई आयुष्यभर प्रत्येक निवडणुकीत मोजणीच्या कठड्याला टेकून उभी राहिलेली आहे. मतपेट्या उघडल्या की मतपत्रिका उलगडताना कठड्याबाहेरून वाकून बघायचं आणि कुणाला कितवा नंबर मिळाला याच्या खुणा करत जायचं, हा इथला जुना रिवाज. पहिले नंबर तर सगळेच मोजतात, ती म्हणाली, पण शेवटची जागा नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरांवर जाते, आणि तुझ्या बाईला मिळाली तर शेवटचीच जागा मिळेल. ती तू स्वतःच्या हाताने खोडत होतीस.

माझ्या कानशिलांत पट्ट्यासारखं सटक-सटक वाजू लागलं. ताईंना फोन करायचं धाडस झालं नाही. मी आईला केला. गिरणी चालू होती, ती ओरडून बोलत होती. मी रडत काय काय सांगितलं, तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी मी म्हणाले, आई, ज्यांनी पहिला नंबर नाही दिला, त्यांच्या दारात जाऊन आता दुसरा कसा मागू, लाज वाटते.

तिकडे गिरणी थांबली. इतकी शांतता झाली की मला वाटलं फोन कटला.

"दुसरा नंबर लागला म्हणून कोणाचं दळण राहिलंय का गं बाई?" आई म्हणाली. "डबा ठेवून यायचं. आपली पाळी येतीच की."

संध्याकाळी मी ताईंकडे गेले आणि वही समोर ठेवली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पानं वाचली. मग वही दिव्याखाली तिरकी धरली आणि रेघांच्या खालचं वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. रेघ मी बारीक मारली होती. खालचे शब्द सगळे वाचता येत होते.

"खोडलंस," त्या म्हणाल्या, "पण लिहायचं सोडलं नाहीस. उद्यापासून ही घरं."

मी आईचं दळणाचं बोलणं सांगितलं. ताईंनी कानामागची पेन्सिल काढून ते लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं.

ते नऊ दिवस मी पुन्हा कधी अनुभवीन असं वाटत नाही. पहिलं दार एका धिप्पाड म्हाताऱ्याचं होतं. बिजागरी निखळलेलं फाटक आणि पायांत घुटमळणारा टेरिअर. ताई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या होत्या, म्हणजे बोलायचं मलाच होतं. मी दहा आकडे मोजले. त्याने दार उघडलं, मला ओळखलं आणि आधीच म्हणाला, पोरी, सांगितलं ना, मत शेजारच्या पोराला आहे.

मी म्हणाले, ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी तुम्ही आणखी काही बोलला होतात, ते मी बरोबर लिहिलंय का, तेवढं विचारायला आले. आणि वही उघडून वाचलं: फुटपाथ वळणाच्या आधीच संपतो, बायको व्हीलचेअरवर आहे, तिला चाळीस पावलं भर रस्त्यातून न्यावं लागतं.

त्याने वाकून वहीकडे पाहिलं. कुत्र्यानेही मान वर केली असं मला आठवतं, पण ते कदाचित माझ्या मनाचं असेल.

"पन्नास," तो म्हणाला. "मोजलीत मी."

मी चाळीस खोडलं नाही. खाली पन्नास लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग विचारलं, पहिला नंबर शेजाऱ्याच्या मुलाचाच असू दे, दुसरा आम्हाला द्याल का? त्याने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. दुसरा कुणी मागितलाच नव्हता, म्हणाला.

त्या नऊ दिवसांत आम्ही खोडलेलं प्रत्येक दार वाजवलं. कुणी नाही म्हणाले, कुणी चहा पाजला, एका बाईने स्वतःचं बोलणं ऐकून डोळे पुसले आणि मग तेच बोलणं अजून वाढवून सांगितलं. मतदानाच्या दिवशी प्राथमिक शाळेच्या वर्गात, मुलांनी रंगवलेल्या मधमाश्यांच्या चित्राखाली, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने मी माझा एक लिहिला. आयुष्यातलं माझं पहिलं मत. मग थांबले, आणि दोन, तीन, चारही लिहिले. दोन मी त्या शेजाऱ्याच्या मुलाला दिला.

मोजणी इथे झाली, याच सभागृहात. हेच कठडे लांबच लांब लावलेले. आत टेबलांवर मतपत्रिकांचे ढीग, बाहेर वाकून उभी असलेली माणसं, आणि त्यांत ब्रीडा, तिच्या पक्षाचा बिल्ला लावलेली. तिने डब्यातली एक पेन्सिल मला दिली आणि कागदावर खुणा कशा करायच्या ते दाखवलं. पाच-पाच काड्यांचे जुडगे. रबरी फरशीचा वास, शेकडो बुटांचा, पेन्सिलीच्या सालींचा. पहिल्या नंबरांची मोजणी झाली तेव्हा ताई आठव्या होत्या. जागा पाच. आमची मंडळी एकमेकांकडे बघेनाशी झाली. काका म्हणाले, चांगली लढत दिली, आणि डब्यातल्या पुरणपोळ्या वाटू लागले, जसं कुणाला तरी निरोप द्यायचाय.

ब्रीडाने पोळी घेतली, पण कठडा सोडला नाही. आता बघ, म्हणाली.

दुसरा दिवस उजाडला. कुणी बाद व्हायचं आणि त्याच्या मतांचा गठ्ठा उलगडला जायचा. दर वेळी ताईंच्या ढिगावर थोडी मतं येऊन पडायची. सातव्या. मग सहाव्या. आणि तिथे अडकल्या. दुपारी शेजाऱ्याचा मुलगा बाद झाला. त्याची मतं टेबलावर आली आणि मी कठड्यावर इतकी वाकले की ब्रीडाने मागून माझा स्वेटर धरला. एक त्याला, दोन ताईंना. एक त्याला, दोन ताईंना. पेन्सिलीने लिहिलेले लोकांच्या हातचे आकडे: काही सुबक, काही थरथरते, एक इतका जोरात दाबून लिहिलेला की कागद फाटायला आला होता. मला खात्री आहे, तो त्या धिप्पाड म्हाताऱ्याचा. म्हणजे खात्री नाही, मत गुप्त असतं. पण आहे.

माझ्या काड्या चुकू लागल्या. मी मोजणं सोडलं. ब्रीडा मोजत राहिली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ग्रँड," इथे सगळं ठीक झालं की म्हणतात तसं, आणि नाक पुसलं.

अधिकाऱ्याने माइकवर ताईंचं नाव वाचलं. उच्चार चुकला, कुणाला त्याचं काही नव्हतं. पाचवी, शेवटची जागा. एका वर्गात मावतील एवढ्या मतांनी. ताईंच्या यजमानांनी आणि त्या बाद झालेल्या शेजाऱ्याच्या मुलाने मिळून ताईंना खांद्यावर घेतलं, इथे तशी पद्धत आहे, आणि ताई वरून ओरडत होत्या, "अहो, पडेन ना, सोडा," तर मुलगी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, सरळ बस." तिला सलग मराठी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाषण करा म्हणाले. ताईंनी रेनकोटच्या खिशातून माझी वही काढली. वळणावरचा फुटपाथ, पन्नास पावलं. कालव्याचे दिवे. संध्याकाळची बस. एकेक ओळ इंग्रजीत वाचत गेल्या, घरांवरच्या रेघांखालून. शेवटी वही मिटली आणि लोकांकडे पाहिलं.

"मी बरोबर लिहिलंय ना?"

त्या छताखाली जो आवाज उठला, तसा मी नंतर कुठे ऐकला नाही. काका रडत होते. पुरणपोळीचा डबा त्यांनी एका अनोळखी माणसाच्या हातात दिला होता आणि तो माणूस खात होता.

हे सगळं मला परवा त्या पडद्याआड आठवलं. आता कालव्यावर दिवे आहेत. हिवाळ्यात साडेचारला ते एकेक करून लागतात, पाण्यात त्यांची लांब पिवळी काठी पडते, आणि मी किल्ल्या पिशवीत टाकून चालते. शिक्षण संपलं, नोकरी लागली, राहते अजून ब्रीडाकडेच. वळणावरचा फुटपाथ निम्मा झालाय. बससाठी ताई दर सभेला उठून एकच वाक्य बोलतात: बस अजून नाही. बाकीचे सदस्य हल्ली ते वाक्य त्यांच्याबरोबर पुटपुटतात म्हणे.

मी पडद्याबाहेर आले तेव्हा ताई आलेल्या होत्या, आईला भेटायला. भिजलेला तोच हिरवा रेनकोट. त्या आईच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या आणि मांडीवर वही उघडी होती. त्या विचारत होत्या, मावशी, आमच्या गावात तुम्हाला काय कमी वाटलं? आई पदर सारखा करत म्हणत होती, काही नाही, समदं छान हाय, लेकीच्या गावात काय कमी राहील.

"खरंच नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन काही बोलणार होते, पण ताईंनी हात केला.

मग आई बोलायला लागली. बसथांब्यावर टेकायला जागा नाही. परवा पाऊण तास उभी होती, गुडघे धरले. बाजूच्या भिंतीवर बसावं तर ती ओली. एक म्हातारी गोरी बाई पण अशीच उभी होती, दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, बोलता तर येत नाही. एक बाकडं टाकलं तर दोघी बसलो असतो. आई बोलत गेली, हात हलवत, गिरणीत बोलते तशी मोठ्याने, आणि कोर्टवरचे खेळायचे थांबले.

ताईंनी लिहिलं. वही थोडी लांब धरली आणि वाचून दाखवलं, आईच्याच शब्दांत, गुडघ्यांसकट, त्या गोऱ्या बाईसकट. आई मान थोडी तिरकी करून ऐकत होती. दळण बारीक झालंय की जाड हे ती चिमटीत पीठ घेऊन बघते, तसा चेहरा.

"बरोबर लिव्हलंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण माझ्याआधी लई जण असतील. माझा नंबर कितवा?"

ताईंनी पेन्सिल कानामागे ठेवली.

"डबा ठेवून जा, मावशी," त्या म्हणाल्या. "पाळी येतीच."